उंदराला घर देतांना

(नभोवाणीवरील भाषण)

‘उंदीर’ हा शब्द कानांवर पडला कीं आपल्याकडील सुशिक्षित कुटुंबांत जी पहिली आठवण जागी होते ती कांहीं प्रेमाची नसते. कुरतडलेलीं पुस्तकें, भोंक पडलेलीं धान्याचीं पोतीं, मध्यरात्रीं माळ्यावर चाललेली खडबड, आणि ज्या घरांत पणजी-पणजोबांच्या गोष्टी अजून सांगितल्या जातात तेथें १८९६ सालीं मुंबईंत शिरलेला गांठीचा ताप. घरांत उंदीर पडूं लागले म्हणजे बिऱ्हाड उचलावयाचें आणि गांवाबाहेर झोपड्या घालून राहावयाचें, असा त्या दिवसांतला शिरस्ता होता. गजाननाच्या पायांशीं बसलेल्या मूषकाला आपण नमस्कार करतों, त्याच्या बाकीच्या भाऊबंदांसाठीं मात्र सांपळा लावतों. उंदराला नांवें ठेवण्यांत आपण असे तरबेज असतांना, इंग्लंडांत उंदराचें नांव ठेवणारीं माणसें आहेत. तीं त्याचा जन्मदिवस वहींत टिपतात, त्याच्या आईबापांची वंशावळ सांभाळतात, आणि त्याला दुसऱ्याच्या घरीं पाठवावयाचें झालें म्हणजे मुलीसाठीं स्थळ पाहावें इतक्या बारकाईनें चौकशी करतात, हें ऐकून हंसूं येणें स्वाभाविक आहे. परंतु ही चौकशी कशासाठीं असते हें समजलें म्हणजे तें हंसूं बरेंचसें ओसरतें.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. मराठींत ‘उंदीर’ ह्या एका शब्दाच्या पोटांत इंग्रजींतील ‘माऊस’ आणि ‘रॅट’ हे दोन्ही प्राणी मावतात. येथें अभिप्रेत आहे तो दुसरा. शेपूट सोडून वीतभर लांब, नर असला तर अर्धा किलो वजनाचा, मादी त्याहून बरीच हलकी. मुंबईच्या प्लेगांत ज्याचें नांव बदनाम झालें तो मुख्यतः घराच्या आढ्याला राहणारा काळा उंदीर होता. पाळीव उंदीर हा तपकिरी उंदराचा, म्हणजे शास्त्रज्ञ ज्याला ‘रॅटस नॉर्वेजिकस’ म्हणतात त्याचा, वंशज होय. प्रयोगशाळेंतला पांढरा उंदीरहि त्याच कुळांतला. पिढ्यान्पिढ्या माणसाच्या हाताखालीं वाढल्यामुळें हा पाळीव उंदीर आपल्या रानटी चुलतभावापासून आतां इतका दूर गेला आहे कीं माणसाचा हात दिसतांच तो पळत नाहीं, उलट त्या हातावर चढतो.

ह्या पाळण्याची सुरुवात मात्र मोठी शोभेची नव्हे. गेल्या शतकाच्या मागच्या शतकांत लंडन शहरीं एका हौदांत शेंकडों उंदीर सोडावयाचे, त्यांवर कुत्रा घालावयाचा आणि तो किती वेळांत किती मारतो ह्यावर पैजा लावावयाच्या, असा एक क्रूर खेळ चालत असे. त्या खेळाला उंदीर पुरविणाऱ्या लोकांच्या हातीं अधूनमधून पांढरा, पिवळट किंवा ठिपक्यांचा असा एखादा निराळा प्राणी लागे, आणि तो बाजूला काढून ठेवला जाई. राणी व्हिक्टोरियाचा उंदीरपकड्या म्हणून मिरवणारा जॅक ब्लॅक हा असे निराळ्या रंगाचे उंदीर जोपासून पिंजऱ्यांत ठेवण्यासाठीं विकत असे; हेन्री मेह्यू ह्यानें लंडनच्या गोरगरिबांविषयीं लिहितांना त्याची हकीकत नोंदून ठेवली आहे. पुढें १९०१ सालीं मेरी डग्लस ह्या बाईंनीं तेथील मूषकपालकांच्या संघाकडे उंदरांनाहि प्रदर्शनांत जागा द्यावी अशी मागणी केली. ती मान्य झाली, आणि त्याच वर्षीं एल्सबरीच्या प्रदर्शनांत बाईंच्याच काळ्या-पांढऱ्या उंदरानें पहिला मान पटकावला. १९२१ सालीं त्या वारल्या, आणि छंदाचा जोर हळूहळू ओसरला. आज इंग्लंडांत जी राष्ट्रीय संस्था ह्या छंदाचें काम पाहते ती १९७६ सालीं स्थापन झाली.

आतां अशी एखादी लहान प्रमाणावर पैदास करणारी बाई डोळ्यांसमोर आणावी. पुरुषहि ह्या छंदांत आहेत, परंतु ज्याचा पाया एका बाईनें घातला त्याच्या वर्णनांत पहिला मान बाईलाच दिलेला बरा. तिच्या घरीं एका खोलींत तीन-चार उंच पिंजरे असतात, आणि वर्षांतून फार तर दोन-तीन वेळां ती एखादी जोडी एकत्र आणते. हा धंदा नव्हे. दाणा, अंथरूण, औषधपाणी आणि पिंजरे ह्यांचा हिशेब मांडला तर पिल्लांच्या किंमतींतून खर्चाचा लहानसा भागहि निघत नाहीं. मग ती हें करते कशाला? तिला निरोगी, दीर्घायुषी आणि शांत स्वभावाचा उंदीर घडवावयाचा असतो. आणि तो घडवावयाचा म्हणजे प्रत्येक पिढींतून दोन-तीन पिल्लें स्वतःजवळ ठेवून उरलेल्यांना घरें शोधावीं लागतात.

उरलेलीं म्हणजे किती? येथें गणिताकडे वळलें पाहिजे, कारण सगळ्या अडचणींचें मूळ तेथें आहे. मादी एकवीस ते तेवीस दिवस गाभण राहते आणि एका वेळीं आठ ते बारा, कधीं त्याहून अधिक पिल्लें देते. प्रसूतीनंतर एका दिवसाच्या आंत ती पुन्हां गाभण राहूं शकते, म्हणून नराला आधींच दूर करावें लागतें. पिल्लें जन्मतः उघडीं, आंधळीं, बोटाच्या पेरापेक्षां थोडीं मोठीं असतात; दोन आठवड्यांनीं त्यांचे डोळे उघडतात, आणि पांचव्या आठवड्याच्या सुमारास, आपल्याला अजून तीं दुधावरचीं वाटत असतांनाच, तीं स्वतः प्रजोत्पादनाला लायक होऊं लागतात. त्या आठवड्यांत नर व माद्या वेगळे काढण्यांत हयगय झाली, तर ‘दोन बहिणी’ म्हणून नेलेली जोडी महिन्याभरांत वीस जणांचें कुटुंब होऊन बसते, आणि हौसेनें आणलेला प्राणी घराला भार होतो. म्हणूनच चांगली पैदास करणारी बाई आधीं मागणारांची यादी करते आणि मग जोडी लावते. पिल्लें झाल्यावर गिऱ्हाईक शोधूं लागणें हें तिच्या मतें उलट्या दिशेनें चालणें होय.

मागणारा माणूस आला म्हणजे ती त्याला प्रश्नांचा एक कागद देते. पहिला प्रश्न ठरलेला: ‘तुमच्याकडे आणखी उंदीर आहेत काय? नसतील तर निदान दोन नेण्याची तयारी आहे काय?’ एकटा उंदीर ती कोणालाहि देत नाहीं. हा प्राणी कळपांत राहणारा; तो एकमेकांचे केंस चाटून साफ करतो, एकमेकांच्या अंगावर पडून झोंपतो, आणि दिवसभर कचेरींत जाणारा मालक कितीहि प्रेमळ असला तरी ती उणीव भरून काढूं शकत नाहीं. २०११ सालीं शिकागो विद्यापीठांत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांत एका उंदराला अरुंद नळींत कोंडलें असतां मोकळा असलेला दुसरा उंदीर दार कसें उघडावें हें शिकून त्याची सुटका करी. आणि शेजारच्या नळींत चॉकोलेट ठेवलें असतांहि पुष्कळदां तो सोबत्याला सोडवून खाऊ त्याच्याबरोबर वाटून खाई. असा प्राणी जन्मभर एकटा ठेवणें म्हणजे काय, हें समजावून सांगण्यांतच त्या बाईचा निम्मा वेळ जातो.

दुसरा प्रश्न पिंजऱ्याचा. कांचेची पेटी तिला चालत नाहीं, कारण तींत वारा खेळत नाहीं आणि मूत्रांतून निघणारा अमोनिया सांचून राहतो. उंदराचें फुफ्फुस आधींच नाजूक. देवदार किंवा पाइन ह्या लांकडांचा भुसा अंथरणेंहि तिला पसंत नसतें, त्यांतील उग्र द्रव्यें श्वासाला बाधतात. त्यापेक्षां कागदाचे किंवा पुठ्ठ्याचे धूळ नसलेले तुकडे बरे. गजांमधील अंतर पिल्लांसाठीं अर्ध्या इंचाहून अधिक नसावें, नाहीं तर पहिल्याच रात्रीं पिल्लें कपाटामागें. मग पुढचे प्रश्न येतात. रोज तासभर तरी त्यांना पिंजऱ्याबाहेर काढणार कोण? घरांत मांजर आहे काय? घर भाड्याचें असेल तर मालकाची संमति आहे काय? कॅनडांतील आल्बर्टा प्रांतानें तर १९५० पासून उंदरांविरुद्ध मोहीम चालविली असून तेथें पाळीव उंदीरहि ठेवतां येत नाहीं. तेथें जणूं सबंध प्रांतच घरमालक होऊन बसला आहे.

मुलासाठीं उंदीर मागणाऱ्या आईबापांशीं ती सर्वांत अधिक वेळ बोलते. इंग्लंडांत २००६ सालच्या प्राणिकल्याणाच्या कायद्यानें सोळा वर्षांखालील मुलाला प्राणी विकण्यास मनाई आहे, परंतु तिचा आग्रह कायद्याच्या पलीकडचा असतो. ‘मुलगा करील सगळें’ हें वाक्य तिनें पुष्कळदां ऐकलेलें असतें. उंदीर मुलांना खरोखर फार चांगला. तो क्वचित् चावतो, हाक मारली तर येतो, खांद्यावर बसून घरभर फिरतो. परंतु मुलाची हौस ओसरली किंवा परीक्षा जवळ आली म्हणजे पिंजरा धुणारे हात आईचे असतात, आणि त्या आईला मुळांत उंदराची किळस असेल तर पुढें काय होणार हें उघड आहे. म्हणून ही बाई मुलाला बाजूस ठेवून आईच्याच हातावर पिल्लूं ठेवते आणि तिचा चेहरा पाहते.

एक शंका ती बोलून दाखवीत नाहीं, पण मनांत ठेवते. कांहीं लोक साप पाळतात, सापाला उंदीर लागतो, आणि फुकट मिळणारा माणसाळलेला उंदीर त्यांना सोयीचा पडतो. पिल्लांची जी थोडी किंमत ती घेते तिचें एक कारण हें आहे. ती किंमत नफ्यासाठीं नसते. घराला उंबरठा असतो तशी ती असते.

ह्या सगळ्यांत अवघड काम नकार देण्याचें. ज्याला नकार द्यावयाचा तो बहुधा दुष्ट नसतो, तो फक्त घाईंत असतो. नाताळांत कोणाला तरी अचानक भेट द्यावी म्हणून त्याला परवांच पिल्लें हवीं असतात, किंवा त्यानें आधींच एक लहानसा पिंजरा विकत आणलेला असतो आणि तो बदलण्याचा खर्च त्याला नको असतो. अशा माणसाला सरळ ‘नाहीं’ म्हटलें तर प्रश्न सुटला असें वाटतें. प्रत्यक्षांत तो दार लावून बाहेर पडतो तो थेट दुकानांत जातो, आणि तेथें ज्याचे आईबाप कोण, वय किती, नर कीं मादी ह्याचीहि खात्री नाहीं असा एकटा उंदीर त्याच पिंजऱ्यांत घालून घरीं नेतो. नकारानें बाईच्या पिल्लांचें कल्याण झालें, पण एका दुसऱ्या उंदराचें नुकसान झालें. ह्या छंदांत अशींहि माणसें आहेत कीं ज्यांना नकार देण्यांतच मोठेपणा वाटूं लागतो; भाड्यानें राहणारा म्हणून, वयानें तरुण म्हणून, पगार बेताचा म्हणून तीं आलेल्या माणसाकडे संशयानें पाहतात. हा अहंकार होय आणि त्याचें समर्थन करतां येणार नाहीं. जाणती बाई ‘नाहीं’ म्हणण्याऐवजीं ‘अजून नाहीं’ म्हणते. जुना मोठा पिंजरा स्वस्तांत कोठें मिळेल तें सांगते, नाताळ उलटून गेल्यावर ज्याला भेट द्यावयाची त्यालाच घेऊन या म्हणते, आणि यादींत त्या माणसाचें नांव लिहून ठेवते. महिन्याभरानें तो परत आला तर तो बहुधा चांगला मालक निघतो; न आला तर निदान त्याला दुसऱ्या एका उंदराची गरज असते एवढें तो ऐकून गेलेला असतो.

होकार मिळाल्यावर पिल्लें निवडावयाचीं. येणारा रंगावर बोट ठेवतो, बाई स्वभावावर. डोळे उघडल्यापासून तिनें प्रत्येक पिल्लूं रोज हातांत घेतलेलें असतें, त्यामुळें कोणतें धीट, कोणतें बुजरें, कोणाला कुशींत बसावयाला आवडतें हें तिला ठाऊक असतें. स्वभाव हा नुसता संगोपनाचा नसून रक्तांतलाहि असतो. रशियांत नोव्होसिबिर्स्क येथील संशोधकांनीं १९७२ पासून रानटी तपकिरी उंदरांच्या दोन शाखा वेगळ्या वाढविल्या, एका शाखेंत प्रत्येक पिढींतले सौम्य तेवढे निवडले, दुसरींत चवताळणारे. कांहीं पिढ्यांनंतर एका शाखेचे उंदीर माणसाचा हात खुशाल सहन करूं लागले आणि दुसरीचे त्याच हातावर झेप घेऊं लागले. म्हणून चावणाऱ्या मादीची प्रजा ही बाई वाढवीतच नाहीं, मग ती मादी दिसावयाला कितीहि देखणी असो. जातां जातां नव्या मालकाला ती आणखी एक गंमत सांगून ठेवते, कारण पहिल्यानें पाहणारा घाबरतो: उंदीर फार खुशींत आला म्हणजे दांतांवर दांत घांसून करकर आवाज करतो, आणि त्या हालचालीनें त्याचे डोळे आंतबाहेर थरथरूं लागतात. हा आजार नव्हे.

सहा ते आठ आठवड्यांचीं झाल्यावर पिल्लें निघतात. बरोबर चार दिवसांचा ओळखीचा दाणा, वाटेंत पाण्याऐवजीं काकडीचा तुकडा, आणि जुन्या बिछान्यांतली एक चिंधी. नव्या जागेंत आपला वास सांपडला म्हणजे त्यांचा जीव थाऱ्यावर येतो. घर दूरच्या गांवीं असेल तर छंदी मंडळी आपापल्या मोटारींतून टप्प्याटप्प्यानें पेटी पुढें पोंचवितात. ह्याला तीं थट्टेनें ‘उंदरांची आगगाडी’ म्हणतात. घरांत आधींचे उंदीर असले तर नव्यांना दोन आठवडे वेगळ्या जागीं ठेवावयाचें, आणि मग दोन्ही पक्षांना परकी अशा जागेवर, न्हाणीघरांत म्हणा कीं टेबलावर, त्यांची ओळख करून द्यावयाची. थोडी ढकलाढकली होते, कोणी कोणाला उताणें पाडतो. रक्त येत नाहीं तोंवर मध्यें पडूं नये.

पेटीबरोबर एक कागद जातो, आणि बाईच्या सर्व कामांत त्या कागदाची किंमत सर्वांत अधिक. त्यावर जन्मतारीख, आईबापांचीं नांवें, आणि त्या घराण्यांत कोण कशानें मेलें हें स्पष्ट लिहिलेलें असतें. उंदरांमध्यें मायकोप्लाझ्मा नांवाच्या जंतूमुळें होणारा श्वासाचा विकार फार पसरलेला आहे, आणि माद्यांना उतारवयांत स्तनाच्या गांठी होतात. शस्त्रक्रियेनें गांठ काढतां येते, पण तिचा खर्च दोन उंदरांच्या किंमतीच्या कितीतरी पट होतो. हें आधीं सांगितलें तर कांहीं गिऱ्हाइकें परत फिरतात. फिरूं द्यावीं, जी बाई आपल्या घराण्यांत दोषच नाहीं असें सांगते तिच्याकडून मात्र पिल्लूं घेऊं नये.

त्या कागदाचा दुसरा उपयोग २०१७ सालीं अमेरिकेंत दिसून आला. विस्कॉन्सिन व इलिनॉय ह्या राज्यांत घरगुती पैदास करणाऱ्या कांहीं लोकांना ‘सोल’ नांवाच्या विषाणूचा संसर्ग झाल्याचें आढळलें. हा विषाणू तपकिरी उंदरांत असतो, उंदीर स्वतः आजारी दिसत नाहीं, परंतु माणसाला ताप येतो आणि कधीं कधीं मूत्रपिंडें बिघडतात. कोणता उंदीर कोणाकडून आला आणि पुढें कोणाकडे गेला ह्याचा माग काढीत सरकारी वैद्यांना राज्याराज्यांतून फिरावें लागलें. ज्याच्या वहींत प्रत्येक पिल्लाचा पत्ता होता त्याचे लोक ताबडतोब सावध करतां आले. ज्याच्याकडे वही नव्हती त्याचे उंदीर कोठें गेले हें विचारावयाचें कोणाला? आपल्या पणजोबांची भीति अगदींच खोटी नव्हती हें येथें लक्षांत येतें. हात साबणानें धुवावे, पिंजरा साफ करतांना धूळ उडवूं नये, तान्ह्या मुलाजवळ उंदीर सोडूं नये, ह्या सूचना कागदाच्या तळाशीं असतात आणि त्या मोठ्यानें वाचून दाखविल्याशिवाय बाई पेटी हवालीं करीत नाहीं.

शेवटची अट एकच. कोणत्याहि कारणानें उंदीर ठेवणें अशक्य झालें, नोकरी सुटली, घर बदललें, मुलाला दमा निघाला, तर तो दुसऱ्या कोणाला न देतां तिच्याकडे परत आणावयाचा. कारण विचारलें जात नाहीं, पैसे मागितले जात नाहींत. ह्यासाठीं एक पिंजरा ती नेहमीं रिकामा ठेवते, आणि जागेच्या टंचाईमुळें एखादी देखणी जोडी लावावयाची राहून गेली तरी तो भरीत नाहीं.

उंदराचें आयुष्य दोन ते तीन वर्षांचें. त्यामुळें पिल्लें नेलेल्या घरांतून अडीच वर्षांच्या सुमारास एक पत्र हटकून येतें. दोघांपैकीं एक गेला. कोणत्या दिवशीं, कशानें, शेवटीं काय खाल्लें, असें सगळें त्यांत लिहिलेलें असतें. बाई वही उघडून त्या नांवापुढें वय आणि कारण मांडते, आणि पुढची जोडी लावतांना तें पान पुन्हां पाहते. पत्राच्या अखेरीस बहुधा एक प्रश्न असतो: मागें राहिलेला म्हातारा आतां एकटा आहे, त्याचें काय करावें? दोन लहान नर सोबतीला न्यावे, कीं म्हाताऱ्यालाच तिच्याकडील वृद्धांच्या पिंजऱ्यांत आणून सोडावें, ह्यावर मग पत्रापत्री सुरू होते.